लौबाईंचं पाणी

लौ पेइफेन. स्त्री. वय सहासष्ट. निवृत्त कामगार, एनॅमल भांडी कारखाना, रंगखाते, श्रेणी दुसरी. श्वांगछ्याओ ज्येष्ठ नागरिक महाविद्यालयाच्या शाईचित्र वर्गात सलग नऊ वर्षे विद्यार्थिनी. पैकी तीन वर्षे वर्गप्रमुख. सुलेखन व चित्रकला या दोन्ही विद्यांत समान गती. चित्रावरील मजकूर स्वहस्ते लिहितात. अक्षर प्रौढ, बळकट व सुसंस्कृत असून त्यातून दीर्घ अभ्यासाची साक्ष पटते. स्वभाव शांत.

प्रांताच्या ज्येष्ठ नागरिक सुलेखन-चित्र प्रदर्शनाचं जाडजूड सूचिपत्र निघालं, त्यात पान एकशे चाळीसवर हे छापलेलं आहे. शेजारी फोटो आहे. फोटो लौबाईंचाच आहे.

कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी तोंड धुवायच्या तसराळ्यांच्या तळाशी लाल मासे काढले. पाणी ओतलं की मासा पोहतोय असं वाटलं पाहिजे, एवढाच नियम होता आणि तो त्यांना पहिल्या आठवड्यात जमला. उरलेली एकवीस वर्षं एकावन्न आठवडे तेच. मग लोकांनी प्लास्टिकची तसराळी घेतली, कारखाना बंद पडला, आणि काही वर्षांनी लौबाई ज्येष्ठांच्या महाविद्यालयाचे तीन जिने चढून शाईचित्राच्या वर्गात जाऊन बसल्या. लिफ्ट नाही. ज्येष्ठांची इमारत असल्यामुळे ती मागण्याचा ठराव दरवर्षी होतो.

चित्राचं त्यांना अवघड नव्हतं. अवघड होतं ते अक्षराचं. चित्रावर अक्षर हवंच. अक्षराशिवाय चित्र म्हणजे निरोप न घेता उठून गेलेला पाहुणा, असं वर्गाच्या फळ्याच्या वर लिहून चिकटवलेलं होतं. आणि लौबाईंची शाळा चौथीत सुटलेली. गवताचं पातं काढताना जो कुंचला मनगटातून साप निघाल्यासारखा सरसर जायचा, तोच नाव लिहायला घेतला की अडायचा. तीन अक्षरांचं नाव. पण ती तीन अक्षरं वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखी एकमेकांकडे पाठ करून बसत.

"लौबाई, तुमचं चित्र कसं नटूनथटून येतं हो," फान साहेब एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते. "पण तोंड उघडलं की गाव कळतं."

फान जिंगयान हे धान्य खात्याचे निवृत्त उपसंचालक. हाक मारताना 'उप' गिळायचा असतो. फान साहेबांनी तर तो केव्हाच पचवला होता. अक्षर मात्र सुरेख. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. चित्र काढता येत नव्हतं. एकदा त्यांनी बांबू काढला, तर लोकांनी तो कुठला शब्द आहे हे विचारलं. तेव्हापासून ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या चित्रांवर लिहिण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. मोबदला काही नाही. नको म्हणायची सोय नाही. वडीलधाऱ्या माणसाने पुढे केलेला दारूचा पेला परत सारावा तसं ते उद्धट दिसलं असतं.

पहिल्या वर्षी लौबाईंच्या भोपळ्याच्या वेलावर त्यांनी चार अक्षरं लिहिली. दुसऱ्या वर्षी कोंबडीवर बारा. ओसरी मिळाली की हातपाय पसरणारी माणसं असतात. फान साहेबांनी पाचव्या वर्षापर्यंत माजघरही घेतलं. मांजराच्या चित्रावर त्यांनी त्र्याऐंशी सालच्या पुरात धान्याची कोठारं कशी वाचवली याची हकीकत लिहिली. मांजर खालच्या कोपऱ्यात होतं. ते आधीपासून तिथेच होतं, पण आता पुराला भिऊन बसल्यासारखं दिसायला लागलं. चार वेळा प्रांताच्या प्रदर्शनाला चित्रं गेली, चारही वेळा परत आली. 'मजकूर उत्तम; चित्रास वाव कमी' असा शेरा होता.

"मग लहान कागद घे ना," लौबाईंचा नवरा केंगशेंग म्हणाला. तळ्याकाठच्या मार्गावर तीस वर्षं बस चालवून तो निवृत्त झाला होता, आणि प्रत्येक प्रश्नाला वळसा घालून जायला रस्ता असतो अशी त्याची समजूत होती.

"लहान घेतला की तो बारीक लिहितो."

"मोठा घे."

"मोठा घेतला की त्याला आठवतं."

ज्यावरून पुढे सगळं घडलं ते चित्र झालं त्या दिवशी थंडी होती. लौबाईंनी भाताचा कुकर लावला आणि तो होईपर्यंत म्हणून कागद पसरला. हाताशी होता तो दुहेरी कागद. दोन पापुद्रे एकत्र गाळून केलेला हा जाड कागद शाई पितो म्हणून वर्गात त्याला मनाई होती. पण एकेरी संपला होता. कागद पितोय तर पाजू या, म्हणून त्यांनी कुंचल्यात पाणी भरपूर घेतलं. खाली डावीकडे लव्हाळं. वर उजवीकडे होडीचं टोक आणि वल्ह्यावर वाकलेला माणूस, पाच फटकाऱ्यांत. मधे काही नाही.

भात झाल्याची शिटी आली तेव्हा त्या कागदाकडे बघत उभ्या होत्या. मधल्या काही-नाहीत तळं होतं. त्यांच्या माहेरच्या दारापुढचं, पहाटेचं, बाबा जाळं टाकायला निघायचे तेव्हाचं. त्या वेळी तळ्याला काठ दिसत नसे आणि बाबा कशावर तरंगतायत हे कळत नसे. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांचा एकही फोटो होडीतला नव्हता.

लौबाईंनी त्याच आठवड्यात तेच चित्र आणखी अकरा वेळा काढलं. लव्हाळं तसंच, होडी तशीच, माणूस एक-दोनदा जास्तच बरा. पण त्या अकरांत मधे कागद कोरा राहिला होता. पाणी पहिल्याच एकात होतं.

चित्र प्रदर्शनाला पाठवायचं तर त्यावर अक्षर हवं. लौबाईंनी आठ दिवस जुन्या वर्तमानपत्रांवर स्वतःचं नाव गिरवलं, भाऊ काही समोरासमोर येईनात. शेवटी चित्र गुंडाळून वर्गात नेलं. लव्हाळ्याच्या बाजूला, अगदी कडेला, दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी ठेवून दाखवली.

"फान साहेब, एवढ्याच जागेत. साल आणि माझं नाव. बाकी काही नको."

"बरं," फान साहेब म्हणाले. चष्मा बदलला. चित्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वर्गातल्या बायका सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या थांबल्या.

"लौबाई," ते हळूच म्हणाले, "हे चित्र बोलतं."

खरं तर तेव्हाच त्यांच्या हातातून कुंचला काढून घ्यायला हवा होता. माणूस हलला होता, आणि हललेल्या सुलेखनकाराइतका धोका चित्राला वाळवीचाही नाही. फान साहेबांनी शाई दाट घोटली, पट्टी हलकेच बाजूला सारली आणि वरून खाली लिहायला लागले. ओळ संपली की डावीकडे पुढची. एकदाही थांबले नाहीत, एकदाही कुंचला झटकला नाही. शहाण्णव अक्षरं. विशीत असताना कारकून म्हणून ते याच तळ्यातून धान्याच्या होडीवर बसून पहिल्यांदा आले होते, धुकं होतं, काठ दिसत नव्हता, आणि आपण कुठे चाललो आहोत हे विचारायची त्यांना लाज वाटली होती, असा मजकूर.

संपलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. फान साहेबांनी आयुष्यात इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. ते खरंही होतं, आणि लौबाईंचा संताप त्याच गोष्टीने जास्त झाला. वाईट लिहिलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

"मी पट्टी ठेवली होती," त्या म्हणाल्या.

"हो, पण मधे एवढं मोकळं होतं."

"मोकळं नव्हतं. पाणी होतं."

फान साहेबांनी पुन्हा चष्मा बदलून पाहिलं. "कुठे?"

लौबाईंनी पट्टी उचलून पिशवीत टाकली. चित्र वाळायचं होतं, नाहीतर तसंच गुंडाळून घरी नेलं असतं. तोवर अर्धा तास तिथेच बसून राहावं लागलं, आणि तेवढ्यात सात जणांनी त्यांचं अभिनंदन केलं.

घरी केंगशेंगने चित्र भिंतीला टेकवून पाहिलं. "बाबा कुठे चाललेत?" तो म्हणाला. "सरकारी परिपत्रकावरनं?"

दुसऱ्या दिवशी लौबाई पाओ शीलिनकडे गेल्या. पाओ मिस्त्री चित्रं मढवतात. त्यांचे वडीलही मढवायचे. गल्लीच्या तोंडाशी दुकान, आत लाल रंगाचं भलंमोठं टेबल, आणि खळीचा वास. मिस्त्री कमी बोलतात, कारण तोंडात बहुधा ओल्या कुंच्याची दांडी असते.

"एवढं लिहिलेलं काढून द्या," लौबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी कुंचा बाजूला ठेवला. "किती अक्षरं?"

"शहाण्णव."

"एखादं असतं तर कापून ठिगळ लावलं असतं, ताई. शहाण्णव काढायची म्हणजे चाळण होईल." मग त्यांनी चित्र उचलून खिडकीशी धरलं, उलटं केलं, नखाने कोपरा चाचपला. "कागद दुहेरी दिसतोय."

"एकेरी संपला होता."

"पाणी किती घेतलंत?"

"भरपूर."

मिस्त्रींनी मागच्या बाजूवर बोट फिरवलं. मागून लव्हाळं दिसत होतं, होडी दिसत होती. अक्षरं मात्र जवळजवळ नव्हती. "साहेबांची शाई दाट, हात वेगाचा. वरच्या वर बसलीये. तुमची खालच्या पापुद्र्यात उतरलीये. दोन्ही सुटे केले तर वरचा साहेबांसकट निघेल आणि खालचा तुमच्या एकटीचा. फिका असेल."

"करा."

"नाही करत." मिस्त्रींनी चित्र टेबलावर ठेवलं. "हे चोरांचं काम आहे, ताई. एका चित्राची दोन करायची आणि दोन गिऱ्हाइकांना विकायची. आमच्या म्हाताऱ्याने मरताना शपथ घेतली होती माझ्याकडून. आणि फाटलं तर दोन्ही गेली. साहेब समोर बसून हो म्हणत असतील तर बघू. दोन धनी, दोन्ही हजर. म्हणजे चोरी नाही."

म्हणजे फान साहेबांना बोलवायचं. तुमचं आयुष्यातलं सर्वांत चांगलं लिखाण माझ्या चित्रावरून सोलून काढायचंय, जरा येता का, असं निवृत्त उपसंचालकाला कसं सांगतात हे लौबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "कागदाचं जरा काम आहे." शाई पक्की वाळायला हवी म्हणून मिस्त्रींनी दहा दिवस लावले. त्या दहा दिवसांत फान साहेब दोनदा वर्गात भेटले आणि दोन्ही वेळा सूचिपत्रात हा मजकूर कसा शोभेल हे त्यांनी लौबाईंना सांगितलं.

ठरल्या सकाळी ते आले, गरम चहाने भरलेली बरणी काखेत धरून. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. लौबाई खळीच्या बादलीकडे बघत होत्या.

फान साहेबांनी बरणीचं झाकण उघडलं, परत लावलं.

"माझं अक्षर वाईट आहे का?"

"नाही."

"मग मजकूर?"

"मजकूरही चांगला आहे."

"मग काय, लौबाई? चित्र आणि अक्षर ही सख्खी भावंडं. एकाच कुंचल्याच्या पोटची. हे मी नाही म्हणत, हजार वर्षं लोक म्हणतायत."

"भावंडं आहेत हो," लौबाई म्हणाल्या. नऊ वर्षांचं साठलं होतं आणि आता ते थांबणार नव्हतं. "पण एकाने सदा झोपायचं आणि दुसऱ्याने सदा अंथरूण घालायचं? माझ्या मांजरावर तुमचा पूर आला. माझ्या कोंबडीला तुम्ही धान्याचं धोरण शिकवलंत. मी काही बोलले? पण तिथे माझे बाबा आहेत. ते होडीत आहेत. होडी पाण्यात आहे. तुम्ही त्यांना शहाण्णव दगडांवर नेऊन ठेवलंत. वल्हं कशात मारायचं त्यांनी?"

पाओ मिस्त्रींनी कुंचा उगाचच धुतला.

फान साहेब टेबलावर वाकले. या वेळी त्यांनी चष्मा काढून पाहिलं. 

"मला धुकं वाटलं," ते म्हणाले. "त्या दिवशी होतं ना, म्हणून." मग सरळ होऊन लौबाईंना: "वरचा कागद कुणाचा?"

"तुमचा."

"खालचा?"

"माझा."

"सोला."

मिस्त्रींनी कागद भिजवला, पालथा घातला. कोपऱ्यावर अंगठा फिरवत राहिले, उकडलेल्या शिंगाड्याची आतली साल सुटावी तसा एक पापुद्रा सुटला. मग दोन्ही हातांनी, श्वास रोखून, केसभर-केसभर. अर्धा तास गेला. फान साहेबांची बरणी गार झाली. मध्यावर एकदा कागद अडला, तेव्हा मिस्त्रींनी बापाचं नाव घेतलं. पुढे गेला.

खालचा पापुद्रा टेबलावर सरळ केला. लव्हाळं होतं, फिकं. होडीचं टोक, वाकलेला माणूस. आणि मधे पाणी. लौबाईंनी श्वास सोडला, आणि अर्ध्यातच धरला. पाण्यावर वरून खाली ओळींत बारीक बारीक करडे ठिपके होते. अक्षर नव्हतं एकही. नुसते ठिपके, सात ओळी.

"हे काय?"

"जिथे कुंचला टेकला तिथे शाई खोल गेली," मिस्त्री म्हणाले.

"अक्षराच्या सुरुवातीला मी क्षणभर टेकतो," फान साहेब म्हणाले. "गुरुजींनी तसंच शिकवलं होतं. टेक, थांब, मग चाल."

लौबाईंनी ठिपक्यांकडे बोट केलं. "म्हणजे खालीही आलातच."

"न बोलता आलो," फान साहेब म्हणाले. त्या दुकानात निदान त्या दिवशी तरी यापेक्षा नम्र वाक्य त्यांना सुचण्यासारखं नव्हतं.

ठिपके काढता येतात का, असं लौबाईंनी विचारलं. मिस्त्रींनी कुंचा परत तोंडात धरला. फिका कागद घेऊन लौबाई घरी आल्या आणि केंगशेंगपुढे टाकला.

"बघ. दगड काढले, तर खडी उरली."

केंगशेंग मोहरीच्या वाळल्या पाल्यात शिजवलेलं डुकराचं मांस खात होता. वाटी हातात घेऊनच तो वाकला. "हे डबे बरोबर काढलेत," तो म्हणाला.

"कसले डबे?"

"शिंपल्यांचे. मोत्यांसाठी शिंपले पाण्यात टांगतात, ते वर तरंगणारे. तुमच्या दारासमोर सातच ओळी आहेत ना? चौथी अशीच वाकडी आहे. मी बसमधून रोज बघायचो."

लौबाई खाली बसल्या. शिंपल्यांचे डबे त्यांनी मुद्दाम काढले नव्हते. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी ते तळ्यात आले होते. डबे कसले, हिरव्या प्लास्टिकच्या बाटल्या, नजर जाईल तिथवर. त्यांना डबे नसलेलं पाणी हवं होतं.

"ते नव्हते तेव्हा," त्या म्हणाल्या.

"असते तर चुकवत गेले असते," केंगशेंग म्हणाला. "रस्ता ओलांडताना माझी बसही चुकवायचे नाहीत का. आणि बघ, जातायत की मधून. वल्हं कुठे अडतंय?"

लौबाईंनी चित्र भिंतीला टेकवलं आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. मग आणखी लांब, दाराबाहेर. वल्हं अडत नव्हतं. होडी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधून चालली होती, आणि खाली पाणी होतं. त्या मांस गरम करायला आत गेल्या.

प्रदर्शनाला हे चित्र पाठवता येईना. नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीने 'मजकूर' हा रकाना दाखवला. लौबाई म्हणाल्या, मजकूर नाही. ती म्हणाली, मावशी, मग निदान नाव तरी लिहा. लौबाई पेन घेऊन जरा वेळ उभ्या राहिल्या. नावाला जागा होती, कडेला, लव्हाळ्याजवळ. त्यांनी पेन परत ठेवलं आणि चित्र घरी आणलं.

फान साहेबांचा वरचा कागद प्रदर्शनाला गेला, आणि निवडलाही गेला. सूचिपत्र आलं तेव्हा कळलं की कर्त्याच्या जागी नाव लौ पेइफेन. परिचय खुद्द साहेबांनी लिहिलेला.

"हे काय केलंत तुम्ही?" लौबाईंनी तिसऱ्या जिन्यावर त्यांना गाठलं. दोघांनाही धाप लागली होती.

"रकाना एकच होता," फान साहेब म्हणाले. "एक कृती, एक कर्ता."

"मग तुमचं घालायचं."

"मी आधीच फार जागा घेतली होती."

या वाक्याशीही भांडता येत नव्हतं, आणि याचाच लौबाईंना पुढचे कित्येक दिवस वैताग आला. त्याहून वैताग वर्षअखेरीस आला. सूचिपत्र तालुकाभर फिरलं होतं. नव्या वर्षासाठी दारावर लावायच्या लाल पट्ट्या लिहून द्या म्हणून शेजारी, शेजाऱ्यांचे व्याही, बसआगारातले केंगशेंगचे जुने दोस्त, सगळे दाराशी उभे. लौबाई नाही म्हणाल्या की लोक म्हणत, बघा, किती शांत स्वभाव. शेवटी त्यांनी पट्ट्यांचा गठ्ठा गुपचूप फान साहेबांकडे पोचवला. दोघं मिळून ती खोटी कीर्ती अजून सांभाळतात. एक शिव्या देत, दुसरा लिहीत.

खालचा पापुद्रा मिस्त्रींनी साध्या करड्या रेशमावर मढवून दिला. तो लौबाईंच्या जेवणाच्या टेबलासमोर आहे. त्यावर अक्षर असं एकाच ठिकाणी आहे. मागच्या बाजूला, टांगायच्या दोरीपाशी, पाओ मिस्त्रींनी पेन्सिलने लिहिलंय: ही बाजू वर.